नव्या नावेच्या नाकावर नारळ

ती. प्रेमराजनाना यांना,

झुलालचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, वाकता येत नाही, कागदावरच मानून घ्यावा.) वहिनींचा गुडघा धुळ्याच्या उन्हाने मोकळा झाला असेल. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुमची बहीण दिपमाला शेजारी बसून माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करते.

पहूरच्या लग्नात मी भर पंगतीत सांगितलं होतं, की जळगावच्या तलावावर वल्हवण्याचा वर्ग निघालाय, आम्ही दोघांनी नाव घातलंय आणि या रविवारी नवशिक्यांच्या शर्यतीत मी नावेत दिसेन. तुम्ही हसलात. बठ्ठी पंगत हसली. मी ते विसरलेलो नाही.

नाना, चांगला नवशिक्या कसा असावा यावर माझं ठाम मत आहे. मनगटात जोर हवा. फैजपूरला पंधरा वर्षं केळीचे घड ट्रकमध्ये चढवलेत, तेव्हा तो आहेच. आवाज हवा, तोही आहे. आणि शिकण्याआधीच थोडंफार माहीत हवं. मी मोबाइलवर चाळीस व्हिडिओ बघून गेलो होतो. शिकवायला संघमित्रा नावाची पोरगी आहे, माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी मी तिला तिच्या दोन चुका सांगितल्या. (दिपमाला तिला म्हणाली, "यास्ले बठ्ठं माहीत शे." 'यांना सगळं माहीत आहे' हे कौतुक नव्हतं, ते मला घरी येताना कळलं.)

त्यात या नावेत जायचं तिकडे पाठ करून बसतात! आता तुम्हीच सांगा, खानदेशातला कोणता शहाणा माणूस रस्त्याकडे पाठ करून गाडी हाकतो? मी सारखा वळून बघायचो. वळलो की नाव कलायची, वल्हं पाण्यात अडकायचं आणि दांडा थेट माझ्या पोटात. तुमची बहीण मात्र तोंडातून अक्षर न काढता, ती पोरगी म्हणेल तसं वल्हं मारायची. अहो, मेंढरासारखं! याला काय शिकणं म्हणतात?

मंगळवारी क्लबची नवी नाव आली. ना हार, ना हळदकुंकू, लोक नुसते फोटो काढत उभे. आपण एवढे ट्रॅक्टर घेतले, एकदा तरी नारळ चुकवलाय का? मी घरून नारळ नेला, देवाचं नाव घेतलं आणि नावेच्या नाकावर हाणला. नाना, नारळ शाबूत राहिला. नावेला भोक पडलं. (ती पापडासारखी पातळ असते हे मला काय ठाऊक? चाळीस व्हिडिओंत एकाही नावेला कुणी नारळ फोडला नव्हता.) संघमित्रा ओरडलीसुद्धा नाही. म्हणाली, "काका, चांगल्या नवशिक्याला काही येत नसतं, आणि ते त्याला कबूल असतं. तुम्हाला वेळ लागेल." मला! खरं सांगतो, दांड्यापेक्षा ते जास्त लागलं.

असो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
झुलाल

ता. क. रविवारी जळगावला येऊ नये. शर्यत बघण्यासारखी नाही, ऊनही फार असतं. पहूरकरांना तुम्हीच परस्पर कळवा.

ता. क. (हे अक्षर माझं, दिपमालाचं.) नाना, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं. रविवारी नक्की या, वहिनींनाही आणा. यांच्या जागेवर मला घेतलंय. जुनी नाव आहे, पण पळते. हे काठावर पाण्याच्या बाटल्या धरतील, तसं कबूल करून घेतलंय. नारळ आणायचाच असेल तर धुळ्याहूनच फोडून आणा. आणि यांना हसू नका. रोज पहाटे अंगणात पाटावर बसून, हातात झाडू घेऊन सराव करतात. अजून वळून बघतातच.