बायबल उघडून बोट ठेवणारे

बाबा, मी आज भांडायला बसले आहे. रायपूर राजधानी झालेलं तुम्ही पाहिलं नाही, त्याआधीच गेलात. नव्या रायपुरात रुंद रस्ते झाले आणि आपल्या चर्चच्या मंडळीलाही घाई सुटली. नवे सुवार्तिक घडवायला सेमिनरीतली धर्मशिक्षणाची तीन वर्षं म्हणे वाया जातात. आता दोन आठवड्यांचं शिबिर, गळ्यात ओळखपत्र, की निघाले गावोगाव येशूची सुवार्ता सांगायला. त्यातलाच एक मुलगा शंकर नगरला आपल्या घरी आईसाठी प्रार्थना करायला आला. डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. ते पडलं आजारी माणूस उठून चालू लागल्याच्या ओळीवर. झालं! "माताजी, अब सुई बंद. यही परमेश्वर का जवाब है." पाळकाची बायको, तुमच्यासोबत जन्म काढलेली, आणि तिने इन्सुलिन बंद केलं! मला कळलं तेव्हा ती बेशुद्ध होती.

तुम्ही असता तर? मला ते आपलं तेव्हाचं स्वयंपाकघर आठवतं. मी पोळ्या लाटतेय, तुम्ही जेवताय. शेजारी बसलेला तुमचा नवा सुवार्तिक मोठ्या कौतुकाने सांगतोय, की सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या एका कामगाराला त्याने असंच बोट ठेवून टीबीच्या गोळ्या सोडायला लावल्या. तुमचा घास हातातच राहतो. "ही ओळ कोण बोलून राहिला, कोणाले, अन् काहून? सांग." तो बोट कसं पडलं तेच परत सांगतो. "मंग जे तुले माहीत नाही, ते त्या बिचाऱ्याच्या गळ्यात काहून बांधलं?" ताट तसंच टाकून तुम्ही त्याला स्कूटरवर बसवलंत, सिलतऱ्याला नेलंत, त्या कामगाराची माफी मागायला लावलीत. पुढे त्यालाच सेमिनरीत पाठवलंत. म्हणालात, बाकी काही नाही तरी कुठे गप्प बसावं एवढं शिकून येईल.

आईची सुई बंद करणाऱ्या या मुलाला मी जाब विचारला तर म्हणतो, "दीदी, किताब पढ़कर क्या होगा? आत्मा सिखाता है." अरे, आत्मा शिकवतो, पण शिकायला बसावं तर लागतं ना! चर्चच्या कमिटीत मी हेच ओरडून विचारलं. तर उत्तर मिळालं, आई वाचली ती त्याच्याच प्रार्थनेने. चोर तो चोर, वर शिरजोर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि घरी आलेली आई मलाच समजावते, "त्या पोट्ट्याले नको बोलू वं. त्याले कोणी शिकवलंच नाही." हेच तर मी घसा फोडून सांगतेय!

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. आई आत होती तेव्हा आयसीयूबाहेर बसून मीही तुमचं बायबल डोळे मिटून उघडलं. बोट ठेवलं. ते पडलं वंशावळीवर. अमक्याचा मुलगा तमका, नुसती बापांची नावं. ती कोणी लिहिली, कोणासाठी, काहून, सगळं तुम्हीच शिकवलेलं. तरी त्यात मी तुमचं नाव शोधत होते, बाबा.