तिसरी पिन

प्रिय भिंगरी,

पुढचं वाचायच्या आधी वेल्डिंग मशीनचा मेन स्विच बंद कर आणि प्लग काढून ठेव. सुपरवायझरने विचारलं तर सांग, आईचं पत्र आलंय, वाचतेय. केलंस? मग कुठेतरी कोरड्या जागी बस. टाकीत नको, टाकीला टेकूनही नको.

काल संध्याकाळी फोनवर तू एका दमात सगळी गाऱ्हाणी सांगितलीस. रॉड चिकटतो, टॉर्चमधल्या टंगस्टनच्या सुईचा गोळा होतो, जोडाला चाळणीसारखी भोकं पडतात. मी मनात एकेकाचं उत्तर जुळवत होते, तेवढ्यात तू हसत म्हणालीस की आत बसून जोड मारताना टाकीला पाठ लागली की मशीन गुदगुल्या करतं, आणि प्लगची तिसरी पिन सॉकेटात बसेना म्हणून सुपरवायझरने ती कापूनच टाकली. मी तोंड उघडणार तोच तुझी बॅटरी संपली. सकाळी लावत राहिले, पण कामावर येताना तुमचे फोन काढून घेतात. नोकरी लागली तेव्हा तू सांगितलं होतंस आणि मी हसले होते, बरं झालं, पोरगी फोन सोडून काम तरी करेल.

समोर पाण्याचा टँकर भरतोय. भरला की तो तयार टाकीच्या गळतीच्या चाचणीसाठी तुमच्याकडे येणार, आणि ड्रायव्हर हे पत्र तुझ्याच हातात देणार. मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलंय. "मावशी, लग्नाच्या पत्रिकेसारखं जपून नेतो," म्हणाला. तोवर तुझ्या गाऱ्हाण्यांची उत्तरं लिहिते.

रॉड चिकटतो तर करंट थोडा वाढव, पण आधी रॉड बघ. तिथे ओल आहे, पाकीट उघडं राहिलं की रॉड सर्दावतात. ते भट्टीत वाळवून घे. आणि अर्थचा क्लॅम्प रंगावर लावला असशील तर जागा घासून उघड्या लोखंडावर लाव. आठवतं का, आपल्या वर्कशॉपमध्ये बाबा सकाळभर मशीनला शिव्या घालत होते आणि तू, एवढीशी, क्लॅम्पकडे बोट दाखवून म्हणालीस, "बाबा, हा रंगाला चावतोय." अजून गिऱ्हाइकांना सांगतात, माझं मशीन पोरीने दुरुस्त केलं म्हणून. आपल्या घरात शिव्या मशीनला आणि कौतुक पोरीला. मी मधल्यामध्ये चहा करायला.

टंगस्टनचा गोळा होतो, कारण तू सकाळी रॉड चालवतेस, मग टिगची गॅसवाली टॉर्च, आणि मध्ये केबल बदलायच्या राहतात. रॉडचा होल्डर प्लसवर असतो, टिगची टॉर्च मायनसवर. उलटं राहिलं की टंगस्टन मेणबत्तीसारखं वितळतं. भोकं पडतात ती गॅसमुळे. पाइपच्या जोडांना साबणाचं पाणी लाव, बुडबुडे आले तर आरगॉन तिथूनच पळतोय. जोड घट्ट असतील तर ब्लोअरचा वारा गॅस उडवून नेतोय. त्याचं तोंड जरा फिरव, पण ब्लोअर बंद करू नकोस गं. आरगॉन टाकीच्या तळाशी साचतो, त्याला वास नाही, आणि श्वास कधी कमी पडला ते माणसाला कळतही नाही.

हे सगळे मशीनचे रुसवे झाले. रुसव्याने फार तर एखादा जोड वाया जातो. गुदगुल्यांचं तसं नाही. मशीनच्या आत कुठे काही सुटलं, तर तिसऱ्या पिनेतून वीज जमिनीत जाते. पिन कापली म्हणजे तिची वाट कापली. मग ती दुसरी वाट शोधते. आणि ओल्या लोखंडात, घामाने भिजलेले हातमोजे घालून, तू बसलेली असतेस. आज झिणझिण्या येतात. पुढचं माझ्याच्याने लिहवत नाही.

तू तक्रार का करत नाहीस तेही मला कळतं. तिथे तू एकटीच मुलगी. पहिल्याच कामावर कुरकुर केली तर म्हणतील, घाबरली बघा. म्हणून तू गुदगुल्या म्हणालीस. दुसरा कुठला शब्द वापरला असतास तर तुलाच भीती वाटली असती.

आता एक सांगते, रागावू नकोस. टँकर भरतोय तो तुमच्याच गेटबाहेरच्या नळावर, आणि मी वॉचमनच्या स्टुलावर बसून हे लिहितेय. पहिल्या गाडीने आले. पिशवीत टेस्टर आहे, नवा प्लग आहे. वॉचमन आत सोडत नाही. त्याने आत फोन लावला, तर तुमचा सुपरवायझर म्हणाला, मशीन झकास चालतंय, घरच्यांनी काळजी करू नये. मला आरडाओरडा करत आत यायला कितीसा वेळ लागतो! पण मग तू आईने हात धरून नेलेली पोर ठरशील, आणि पुढच्या टाकीवर आणखी गप्प बसशील. म्हणून बोलायचं तूच, सगळ्यांसमोर. "पिन बसल्याशिवाय मी आत उतरणार नाही," एवढंच म्हण. त्यावर घरी जा म्हणाले तर सरळ गेटवर ये, मी आहे. जेवणाची सुट्टी संपत आलीय. इथून टाकीचं तोंड दिसतं. भोंगा झाल्यावर तिथे वेल्डिंगचा निळा उजेड दिसला, तर मात्र मी वॉचमनला विचारत बसणार नाही.

तुझीच,
आई