झाडामागे उभा होतो

७ एप्रिल, रविवार
हात घामट होता. बाकी काही नाही.

साडूने सगळ्यांना पार्कात नेलं, त्याचा नवा खेळ दाखवायला. डिस्क गोल्फ. म्हणजे ताटलीएवढी प्लास्टिकची चकती फेकायची आणि झाडीपलीकडे खांबावर बसवलेल्या साखळ्यांच्या टोपलीत पाडायची. साडूची चकती झाडांमधून अशी गेली की झाडांनीच बाजूला सरकून वाट दिली असावी. साखळ्या खळ्ळकन वाजल्या. मेहुणीने टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोनेही वाजवल्या. हे लिहून ठेवतोय.

माझी चकती मागे गेली. मागे! मेहुणी डबे उघडत बसली होती तिथे. साडू म्हणाला, "होतं असं, साडूभाऊ." या माणसाचा समजूतदारपणा मला सहन होत नाही.

जेवताना सांगून टाकलं की आज खांदा धरलाय, एरवी मी बरा खेळतो. बायको जेवता जेवता थांबली. साडू मात्र खूश. म्हणाला, मग एकवीस तारखेला जोडीने खेळू, क्लबातली मंडळी येणार आहेत. हो म्हणालो. दोन आठवडे हातात आहेत. आरामात होईल.

८ एप्रिल, सोमवार
संकल्प: रोज सकाळी पार्क. उठलो नाही. पण फेकायची ॲक्शन मनात पक्की केली.

दुपारी आमच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा डोळे तपासायच्या खोलीत मनगटाचा सराव केला. बाहेर काउंटरवरून बायकोने विचारलं, काय पडलं? काही नाही म्हणालो. लेन्सचा ट्रे पडला होता. अर्धा तास खाली बसून गोळा करत होतो.

१० एप्रिल, बुधवार
गेलो! तपकिरी जॅकेट, टोपी कपाळापर्यंत. सराव कोणी पाहू नये.
झाडं फार दाट लावली आहेत. खेळाचा विचार कोणी केलेलाच नाही. एक चकती फांदीत अडकली, ती काढायला दुसरी फेकली, तीही तिथेच. पण फेक सरळ होती. वरच्या दिशेने सरळ.

१२ एप्रिल, शुक्रवार. सकाळ
लिहू की नको?

वळणावरून फेकली. चांगली सुटली होती, खरंच चांगली. मग एका खोडाला लागून पायवाटेकडे वळली. तिथून एक बाई चालत येत होत्या. अशा वेळी मोठ्याने ओरडून सावध करायचं असतं, साडूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर सगळ्यांनी वळून माझी फेक पाहिली असती.

चकती त्यांच्या कानाला लागली. चष्मा उडून खडीवर पडला. बाई कान धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोण आहे तिकडे?"

मी झाडामागे होतो. कसा गेलो आठवत नाही, पाय आपोआप गेले. झाड बारीक होतं, म्हणून पोट आत घेऊन उभा राहिलो. बाई खाली बसून हाताने चाचपत चष्मा शोधत होत्या. मी पाहत होतो. चष्मा सापडल्यावर त्या हळूहळू निघून गेल्या.

फार लागलं नसावं. चालत गेल्या ना!

१२ एप्रिल, दुपार
त्या दुकानात आल्या. माझ्याच. या भागात दुसरं दुकान नाही, हे एरवी मी अभिमानाने सांगतो.

लायब्ररीतून रिटायर झालेल्या बाई आहेत. कान लाल, हातात तडकलेला चष्मा. बायकोने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि काय झालं ते सगळं काढून घेतलं. "लागलं त्याचं काही नाही हो," बाई म्हणाल्या, "पण माणूस एक शब्द बोलला नाही. मला त्याचा श्वास ऐकू येत होता."

बायको म्हणाली, कसली माणसं असतात. मी म्हणालो, निर्लज्ज. आणखीही बरंच म्हणालो. अशांना पार्कात पाऊल ठेवू देता कामा नये, असंही म्हणालो. आवाज चढला होता.

मग डोळे तपासले, दुकानातली सगळ्यात चांगली फ्रेम काढली आणि पैसे घेणार नाही म्हणालो. बाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "अजून चांगली माणसं आहेत." बायको माझ्याकडे कौतुकाने पाहत होती. लग्नानंतर असं फारसं झालेलं नाही. मला पाणी प्यावं लागलं.

म्हणजे भरपाई झाली. हिशोब मिटला.

१५ एप्रिल, सोमवार
मिटलेला नाही. बाई चष्मा न्यायला आल्या, बरोबर दोन मैत्रिणी. त्यांना माझं दर्शन घडवायला आणलं होतं. मी मागच्या दाराने डिलिव्हरी बघायला गेलो. डिलिव्हरी नव्हती.

२१ एप्रिल, रविवार
साडूने पोटदुखीचं कारण मानलं नाही. गेलो.

पहिल्या तीन फेकी झाडीत. क्लबातली मंडळी फार सभ्य, कोणी हसलं नाही. चौथी फेक पायवाटेवर गेली आणि समोरून बाई आल्या. नवा चष्मा घालून. चकती पायाशी पडली. साडू लगेच धावला, माफी मागितली, आणि म्हणाला, "हे माझे साडू. नवीन आहेत, पण जिद्द बघा."

बाईंनी मला ओळखलं. हसल्या. म्हणाल्या, "अरे, तुम्ही! इथे सकाळी येता का सरावाला?"

मी "नाही" म्हणालो आणि साडू "हो" म्हणाला, एकाच वेळी. वर तो म्हणाला, रखवालदाराने सांगितलं, तपकिरी जॅकेट, फांदीत दोन चकत्या.

बाईंचा हात कानाकडे गेला. मग त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि चालू लागल्या. साडूने विचारलं, ओळखीच्या का? मी म्हणालो, गिऱ्हाईक.

पुढचं खेळलो. कसं ते माहीत नाही.

२१ एप्रिल, रात्र
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी त्या दिवशी शेजारी सगळ्यांना सांगत फिरले, आमचे हे कसे आहेत ते."
बस, एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.
उद्या बाईंच्या घरी जाऊन माफी मागणार. नक्की.

२२ एप्रिल, सोमवार
सोमवारी लोक कामात असतात. उद्या.

२४ एप्रिल, बुधवार
त्यांच्या गल्लीपर्यंत गेलो. खिडकीत दिवा होता. जेवत असतील. परत आलो. बायकोने वाढताना भांडी वाजवली.

२९ एप्रिल, सोमवार
सकाळी बाई स्वतःच दुकानात आल्या. दोन गिऱ्हाइकं बसलेली. मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. काउंटरमागून बाहेर आलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चकती माझी होती. मी ओरडलो नाही. तुम्ही चष्मा शोधत होतात तेव्हा मी झाडामागे उभा होतो. तो श्वास माझाच. आणि नंतर फुकट चष्मा देऊन चांगला माणूस झालो. शेवटपर्यंत बोललो. गिऱ्हाइकं फ्रेम हातात धरून बघत राहिली. बायकोही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते मला त्या रविवारीच कळलं. मी त्यासाठी नाही आले."

मी विचारलं, मग?

"डाव्या डोळ्याचा नंबर चुकलाय. पंधरा दिवस डोकं दुखतंय. फुकट दिलेलं, म्हणून बोलायला संकोच वाटला. त्या दिवशी तपासताना तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहिलंच नाहीत."

खोलीत नेलं. समोर बसवलं. आज त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

चांगला पाऊण नंबरने चुकलो होतो.