ऑनलाइन फॉलिन

५ जानेवारी, सोमवार
आजपासून मोबाईल फक्त कामापुरता. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बायकोची सेवा करता तसं स्वतःच्या मनाकडंही बघा, कुणाशी तरी बोला. सुभेदार म्हणून रिटायर झालोय मी. मनाला काय धाड भरलीय? हिच्या अर्धांगाला वर्ष झालं. आंघोळ, भरवणं, कूस बदलणं, सगळं मीच करतो. तक्रार न्हाई.

६ जानेवारी
बाकीच्यांचं मात्र बघवत न्हाई. आमच्या युनिटचे रिटायर जवान लय एकटे पडलेत. त्यांच्यासाठी व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. रोज सकाळी सहाला ऑनलाइन फॉलिन, पलटणीत रांगेत हजेरी व्हायची तसं. प्रत्येकानं 'हजर' टाकायचं. मोबाईल कामापुरताच, पण हे कामच झालं.

९ जानेवारी
प्रतिसाद उत्तम. कवठे महांकाळच्या तात्याबानं 'हजर'बरोबर गुलाबाचं फूल टाकलं. फुलं बंद, असा हुकूम काढला. सिद्धू म्हणतो, ऊसतोड चालूय, सहाला फडात असतो. सबब नामंजूर.

१४ जानेवारी, संक्रांत
ढिलाई दिसली म्हणून संध्याकाळचीही हजेरी लावली. काहीजण ग्रुप सोडून गेले. रेंजचा प्रॉब्लेम असणार.
दुपारी 'काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य' हा व्हिडिओ लावला. त्यानंतर विहिरीच्या मोटारीचा लागला, त्यानंतर मूळव्याधीचा. तोवर हिचा चहा आटून गेला. हिला बिनचहाचं भागवून घ्यायला सांगितलं.

१९ जानेवारी
तीन दिवस कुणीच हजर न्हाई. तात्याबाला फोन लावला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, ग्रुप सगळ्यांनीच म्यूट केलाय.
"आवं साहेब, आता कशाला हजेरी? घरी आलोय न्हवं आपण?"
जेवण गेलं न्हाई. आमटीत मीठ जास्त झालं असंल. हिनं मात्र गुमान खाल्ली.

२२ जानेवारी
ग्रुप बंद करायचा ठाम निर्णय. सव्वीस जानेवारीनंतर.

२६ जानेवारी, सकाळी
प्रजासत्ताक दिनाला फौजी माणूस गैरहजर राहूच शकत न्हाई. दाढी केली, टोपी घातली, हिच्या खाटेशेजारी उभा राहून व्हॉइस मेसेज केला. एकेकाचं नाव पुकारलं, ग्रुप सोडलेल्यांचंसुद्धा. आवाज अजून खणखणीत हाय.
वाट बघितली. उन्हं आली तरी कुणी ऐकला न्हाई. आता लिहायला हरकत न्हाई: लय एकटं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. हिला दिसू नये म्हणून भिंतीकडं तोंड केलं.
तेवढ्यात ही जडावल्या जिभेनं म्हणाली, "माझं नाव न्हाई घेतलं?"
आमच्यात बायकोचं नाव कुठं घेतात? उभ्या संसारात 'अगं'वर भागलं. टोपी सरळ केली, हिच्याकडं वळलो.
"चंद्राबाई," म्हणालो.
"हजर," म्हणाली. मग म्हणाली, कूस बदला, रातीपासनं अंग अवघडलंय.