उजवी बाही टाचलेलीच ठेवावी

मी, खाली सही करणारी, कोट शिवणारी, अविवाहित बाई, हे मृत्युपत्र माझ्याच दुकानात, कापडाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तसे नाही, पण मृत्युपत्राला बुद्धी पुरते असे वकील म्हणाले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. धाकटा भाऊ समोर इस्त्री करतो आहे आणि मधूनमधून "माझ्याबद्दल काय लिहिलंस?" असे विचारतो आहे. त्याला मी दबाव धरत नाही.

१. हे दुकान आणि वरची खोली भावाला आणि त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, निम्मी निम्मी द्यावी. भाची आमच्याकडे बटणांची काजे करते. ती माझ्यापेक्षा चांगली करते. हे तोंडावर म्हणायचे राहून गेले, म्हणून इथे लिहिले.

२. मोठी कात्री भाचीलाच. भावाला देत नाही. त्याने एकदा त्या कात्रीने पत्र्याचा डबा उघडला होता.

३. बँकेतल्या साहेबांना काही द्यायचे नाही. मी शिवलेल्या कोटाची कॉलर वाकडी आहे असे ते चारचौघांत म्हणाले होते. कॉलर सरळ होती. साहेबांचा डावा खांदा उतरता आहे. हे कोणीतरी त्यांना कळवावे.

४. आता आजाराविषयी, कारण पुढचे कलम त्याशिवाय कळणार नाही. आमच्या दुकानात वडिलांपासून एक नियम आहे. हातातले सगळे कोट पुरे झाले, शेवटची इस्त्री फिरली, की मागच्या पायरीवर बसून एक सिगारेट वाटून ओढायची. एकही कोट अपुरा असेल तर काडी पेटवायची नाही. हा नियम भावाने आणि मी कधी मोडला नाही. कामाच्या दिवसांत तर आठवडेच्या आठवडे पायरीकडे फिरकणे होत नसे. त्यामुळे आम्ही स्वतःला ओढणाऱ्यांत धरलेच नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारले तेव्हा भावाने छातीठोकपणे सांगितले की हिला कसलेही व्यसन नाही. बाईंनी माझ्याकडे पाहून पुन्हा विचारले. मी म्हणाले, "कधीतरी. कोट झाला की."

"तुमच्या रक्तवाहिन्यांना कोट कळत नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितले. थोड्या सिगारेटींनीही रक्तवाहिन्या खराब होतात, रक्ताच्या गुठळ्या व्हायला लागतात, आणि कमी ओढली म्हणून हृदयाचा धोका त्याच मानाने कमी होत नाही. सगळा दोष सिगारेटचाच असे काही त्या म्हणाल्या नाहीत. गिऱ्हाइकाचे माप ऐकावे तसे मी ते ऐकून घेतले. तेव्हापासून मला फारसे काही वाटत नाही. रडू येत नाही, भीती वाटत नाही. बोटात सुई गेली तरी उशिरा कळते.

भावाने त्याच दिवशी सोडली, असे तो सांगतो. पण भाची गेल्या हिवाळ्यापासून पायरीवर आमच्यात येऊन बसू लागली होती, ती अजून ओढते. परवा मी तिला म्हटले, बंद कर. ती हसली.

"आत्या, मी काय रोज ओढते का?"

हे वाक्य माझे आहे. मी आईला हेच सांगत असे, ह्याच सुरात. ते ऐकून मात्र मला काहीतरी वाटले. काय वाटले ते सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, तिच्या वयात सोडली तर शरीर बरेचसे सावरते. म्हणजे तिला अजून वेळ आहे.

दुकान देताना सिगारेटची अट घालता येईल का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, घाला, पण बघायला कोण येणार?

५. म्हणून हे कलम. खिडकीजवळच्या पुतळ्यावर करड्या लोकरीचा कोट आहे. तो मी भाचीच्या मापाने कापला. काजे तिनेच केली, कोणासाठी ते तिला माहीत नव्हते. कॉलर बसली आहे, डावी बाही लागली आहे. उजवी पांढऱ्या कच्च्या धाग्याने नुसती टाचली आहे. हा कोट मी भाचीला आहे तसा देत आहे. ती बाही कोणीही पक्की करू नये. भावाने नाही, तिने नाही, बाहेरच्या शिंप्याने तर नाहीच. कोट दुकानातच, त्याच पुतळ्यावर राहावा. दुकानात एक कोट कायमचा अपुरा राहिला म्हणजे काडी पेटवायची वेळ येणार नाही. आमच्या घरात कायदा कोणी फारसा मनावर घेत नाही, वडिलांचा नियम घेतात.

६. भावाला साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये, असे वकिलांनी सांगितले. तेव्हा तो म्हणाला, "मग मला काही देऊ नकोस, सही करू दे." मी ऐकले नाही. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचे माझे अंगुस्तानही त्याला द्यावे. ते त्याच्या बोटात जाणार नाही, पण द्यावे.

७. पोरी, माझी शाल दाराआडच्या खुंटीवर आहे. थंडी वाजली तर ती घे. कोट घालू नकोस.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केली आहे.

सही: कोट शिवणारी

साक्षीदार:
शेजारचा कुलूपवाला (सही)
समोरच्या घरातल्या शिक्षिका (सही)

ठिकाण: दुकान, कापडाचे टेबल
दिनांक: वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे. हातात एक कोट अपुरा.