गुडघ्यावरचा बाण

ती. दाजींना साष्टांग नमस्कार (आठांपैकी एक अंग दुरुस्तीला गेलंय, तूर्त सातांवर भागवून घ्या). ताईची कंबरदुखी आणि तुमचा राग, दोन्ही ओसरले असतील अशी आशा आहे.

मी मजेत आहे, म्हणजे पलंगावर आहे. बोर्डावरच्या माझ्या वाकड्या मात्रेवरून तुम्ही बोललात, मी उलट बोललो, तुम्ही ब्रश खाली ठेवून घरी गेलात, तेव्हापासून बोर्ड मी एकटाच रंगवतो. शिडी धरायला कुणी नाही. औषधाच्या दुकानाचा बोर्ड संपवून उतरताना पाय पायरीत राहिला, मी वळलो आणि गुडघ्यात कट्‌ झालं. पुढे गुडघा मनात येईल तिथे अडायला लागला (एकदा संडासात, तो प्रसंग लिहिण्यासारखा नाही). बायकोने शेकलं, शेजाऱ्यांनी चोळलं. शेवटी डॉक्टरांनी पाय वाकवला, पिळला, मी ओरडलो तिथे थांबले आणि एमआरआय बघून म्हणाले, गुडघ्यातली गादी फाटलीय, फाटका तुकडा सांध्यात अडकतोय. दोन बारीक भोकं पाडायची, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यारं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी डाव्या गुडघ्यावर पेनाने बाण काढला, चुकून दुसरा उघडायला नको म्हणून. दाजी, काय तो बाण. टोक एकीकडे, शेपूट एकीकडे. तुमच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने असला बाण अंगावर घेऊन झोपायचं कसं? पिशवीत ऑइल पेंटच्या डब्या होत्याच. लाल बाण काढला, काळी सावली दिली आणि खबरदारी म्हणून उजव्या गुडघ्यावर ठळक लिहिलं, ‘हा नव्हे’. सकाळी नर्सबाईंनी घासघास घासलं, बाण हलेना (शेवटी आपला माल). डॉक्टर म्हणाले, अशा कातडीला मी सुरी लावणार नाही, आणि घरी पाठवलं. तो बाण निघायला आठवडा गेला.

आता ऑपरेशन झालं. कंबरेखाली बधिर केलेलं, त्यामुळे सगळं पडद्यावर पाहिलं. आत प्रायमर मारलेल्या भिंतीसारखं पांढरं. गादी कापावी लागली नाही, शिवता आली. टाके सरळ होते, मी डॉक्टरांना तसं सांगितलंही. तेव्हा काळजीचं कारण नाही, येण्याची तसदी घेऊ नका.

आपला मेहुणा

ता.क. शिडी चार महिने बंद. डॉक्टरांना मात्र माझा बाण आवडला आणि दवाखान्याचे सगळे बोर्ड मला मिळालेत. महिनाभरात झाले नाहीत तर काम दुसऱ्याकडे जाईल, आणि हातात दुसरं काही नाही. तुम्ही वर चढा, खाली शिडी मी धरतो (खुर्चीत बसून).

आणखी एक. उजव्या गुडघ्यावरचं ‘हा नव्हे’ कुणी घासलंच नाही, अजून तसंच आहे. त्याची मात्रा वाकडी आलीय. घरात कुणाच्या लक्षात येत नाही.