दुसरी बाजू नसलेला अल्बम

३ नोव्हेंबर, सकाळी ७

या अल्बमला दुसरी बाजू नाही, ही माझी पहिली आणि गंभीर तक्रार. कॅसेट उलटायला उठावं लागे, तेवढ्यात चहा व्हायचा. आता मोबाईलवर नऊ गाणी एका दमात वाजतात आणि रसिक बिनचहाचा बसून राहतो. संस्कृतीचा ऱ्हास तो हाच.

इथल्या, म्हणजे जबलपूरच्या, मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी परीक्षण लिहायचं आहे. सेक्रेटरी अतुल म्हणाला, काका, दोन पानं तुमचीच, बस जरा मायेनं लिहा जी. मी म्हटलं, समीक्षेत माया नसते. गीत, संगीत, गायन : चिन्मयी. म्हणजे आमचीच मुलगी, पुण्यात असते. तरीही मी निष्पक्ष. शुक्रवारी लेख हातात देतो.

लिंक मंडळाच्या ग्रुपवर आली. मला वेगळी पाठवायची राहिली असेल. कामात असते.

४ नोव्हेंबर

भावगीताचा बहर ओसरून चाळीस वर्षं झाली. अशा वेळी एकोणतीस वर्षांची मुलगी नुसती गिटार घेऊन भावगीत म्हणते, याला धाडस म्हणावं की उशीर? (वाक्य उत्तम. लेखात घेणे.)

गाणं एक : ७/१०. गाणं दोन : ६/१०. आवाज दबका. दोष स्पीकरचा.

५ नोव्हेंबर

स्पीकर गोहलपुरला नेला. बंटी मिस्त्रीनं उघडला, फुंकला, मांडीवर घेऊन पूर्ण गाणं ऐकलं. म्हणाला, भैया, मशीन में कुछ नहीं है, बिटिया ही धीरे गा रही है. किसी से नाराज़ है क्या?

मिस्त्रीला संगीतातलं काय कळतं!

६ नोव्हेंबर

गाणं तीन. ‘वाट पाहून राहिले’ हे भावगीतात? आपलं घरातलं जबलपुरी बोलणं तिनं जसंच्या तसं गायलंय. शेरा : भाषेवर संस्कार हवा.

विनता (पत्नी, तूर्त विरोधी पक्ष) म्हणाली, काहून? पुण्याचे लोक तेच तर मन लावून ऐकून राहिले. मत नोंदवलं. स्वीकारलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गाणं चार. होस्टेलातली मुलगी रडत रडत कविता लिहिते आणि बापाला पाठवते. बाप दहापैकी साडेसहा गुण देतो, वर यमकं दुरुस्त करून परत पाठवतो. अत्यंत ओढूनताणून आणलेलं पात्र. असा बाप लोकांत आढळत नाही. ४/१०.

विनताला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, आढळतो. मी म्हटलं, कुठे? म्हणाली, इथेच, आपल्या गोरखपूर मोहल्ल्यात. चष्मा लावून बसलाय.

अतुलकडून सोमवारपर्यंत मुदत घेतली.

८ नोव्हेंबर

विनताकडून कळलं ते असं : कविता चिन्मयीनं इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पाठवली होती. त्या हिवाळ्यात ती सगळं सोडून घरी यायला निघाली होती. आईनं महिनाभर रोज फोनवर समजावून तिला तिथं धरून ठेवलं. मला कोणी सांगितलं नाही. विनता म्हणाली, तुम्हालाच तर लिहून पाठवलं होतं तिनं.

मला ती कविता वाटली.

ठरवलं : गुण रद्द. लेख नव्यानं. सुरुवात संस्कृतात, म्हणजे भारदस्त होईल.

९ नोव्हेंबर

तीन सुरुवाती केल्या. तिन्हींत माझंच बरोबर निघतं. फाडल्या.

दुपारी चिन्मयीला फोन. वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं : चौथं गाणं ऐकलं, माझं चुकलं. प्रत्यक्षात म्हणालो, गिटार तुझ्या आवाजाच्या जरा पुढे आलीय. ती म्हणाली, अच्छा, बघते बाबा. कशी आहेस, विचारलं. म्हणाली, एकदम मस्त. चलो, ठेवते, रियाज आहे.

एक मिनिट बारा सेकंद. पैकी गिटारवर चाळीस.

१० नोव्हेंबर

अतुलला कळवलं, प्रकृती ठीक नाही, लेख होणार नाही. तो म्हणाला, टेन्शन नका घेऊ काका, त्या जागी साबणाची जाहिरात टाकतो.

जेवताना विनता सहज बोलून गेली, चिन्मयीला तीन आठवडे झोप नाही, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. मी म्हटलं, काल तर ती मला मस्त म्हणाली. विनतानं माझ्याकडे पाहिलं आणि ताटात भात वाढला.

अल्बम चांगला आहे की वाईट, याची मला खरं तर काळजी नाही. तिचं पुन्हा काही बिनसलं, तर ती मला सांगणार नाही. याची भीती वाटते.